क्रम चुकवायचा नाही

आमच्या ह्यांच्या तोंडून दिवसभरात दहा वाक्यं बाहेर पडली तर शपथ. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण भाजीत मीठ कमी आहे की जास्त, हे अजून मला त्यांच्या चेहऱ्यावरून ताडावं लागतं. आणि हाच माणूस शुक्रवारी चार वाजता पोरं चटईवर बसली की असा काही बोलायला लागतो, की मी स्वयंपाकघरात हातातलं भांडं तसंच धरून उभी राहते. मग दूध उतू जातं, आणि पुसायचं कुणी? मीच.

हे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतात. पुढे गिऱ्हाईक आरशात तोंड वाकडं करून फ्रेमी लावून बघतं, मागे हे पाण्याच्या चाकावर काच धरून तिची कड फ्रेमीच्या मापाची करतात. अडतीस वर्षं हेच. काचेला मधे बोट लावायचं नाही, कडेनंच धरायची, ही सवय अशी हाडात मुरली आहे की घरी जेवणाचं ताटसुद्धा कडेनंच धरतात. मी सुरुवातीला हसायचे. आता माझीही तीच सवय झाली आहे.

शुक्रवारी दुकान अर्धा दिवस. नमाजाहून आले, जेवले, की आमच्या पुढच्या खोलीत गल्लीतली दहा-बारा पोरं जमतात आणि हे त्यांना कुराणातल्या गोष्टी सांगतात. मौलवी नाहीत हो, कुणी नेमलेलंही नाही. आमच्या घरात पाळणा हलला नाही. मग एका शुक्रवारी शेजारचं एक पोर चष्मा घ्यायला घरीच आलं आणि गोष्ट ऐकून गेलं. पुढच्या शुक्रवारी तीन आली. तेव्हापासून चालू आहे. मी वरवर कुरकुर करते, चटया घाण होतात म्हणून, पण एखाद्या शुक्रवारी पोरं नाही आली तर मलाच घर खायला उठतं.

ह्यांची सांगायची एक पद्धत आहे, आणि त्यात कुणी ढवळाढवळ केलेली खपत नाही. कुराणात जेवढं आहे तेवढंच सांगायचं. गुहेत शेकडो वर्षं झोपलेल्या तरुणांची गोष्ट चालली होती, तर एका पोरानं विचारलं, "चाचा, त्यांच्या कुत्र्याचा रंग कोणता?"

"सांगितलेला नाही."

"काळा असेल ना?"

"नसेलही. ते किती जण होते हेसुद्धा पक्कं सांगितलेलं नाही. लोक तीन म्हणतील, पाच म्हणतील, सात म्हणतील. जे सांगितलं नाही, त्यावाचून गोष्टीचं काही अडत नाही. जे सांगितलंय ते धर."

दुसरं म्हणजे तात्पर्य सांगायचं नाही. कुणाची आई येऊन म्हणाली, "पोरांना चांगलं वळण लागेल असं दोन शब्द शेवटी सांगा हो," की हे नुसते मान हलवतात. नंतर मला म्हणतात, "तात्पर्य मी सांगितलं तर ते माझं होईल. त्यांना सापडलं तर त्यांचं." सापडणार कसं? तर क्रमानं. हे ह्यांचं सगळ्यात आवडतं. "काय आधी आलं, काय नंतर आलं, नीट बघा. क्रम चुकवायचा नाही. कुराणात एखादी गोष्ट आधी ठेवलीय तर उगाच नाही ठेवलेली." दर शुक्रवारी आधीची गोष्ट पोरांकडून क्रमानं वदवून घेणार, कुणी मागचं पुढे केलं की पुन्हा पहिल्यापासून. हजरत मूसांची गोष्ट कुराणात ठिकठिकाणी विखुरलेली आहे, ती सांगताना पोरांचा आणि माझा जीव मेटाकुटीला येतो. हजरत युसूफची मात्र एका जागी, सलग. ती ह्यांची लाडकी. सुरुवातीला स्वप्न, शेवटी ते खरं झालेलं, आणि मधे सदरे तीन. पहिल्या सदऱ्यावर भावांनी खोटं रक्त लावून बापाला आणून दाखवलेलं. दुसरा मागून फाटलेला, त्यावरून युसूफ निर्दोष ठरतो. आणि तिसरा, जो मुलासाठी रडून रडून आंधळ्या झालेल्या बापाच्या तोंडावर टाकला आणि त्याला पुन्हा दिसायला लागलं.

ती गोष्ट सांगायला हे दहा-बारा शुक्रवार घेतात. युसूफला विहिरीत सोडून देणार आणि म्हणणार, "आता पुढच्या शुक्रवारी." पोरं असली बोंबलतात! त्यात सगळ्यात मोठा आवाज भिंगरीचा.

भिंगरी म्हणजे समोरच्या इमारतीतली मुलगी. नाव ह्यांनीच ठेवलेलं, कारण ती एका जागी ठरत नाही. नऊ वर्षांची, पुढचे दोन दात मोठे, आणि प्रश्न असे की ह्यांचीही बोलती बंद व्हावी. गल्ली एवढी अरुंद की आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली दिसते. तिथे ती, तिची आई आणि आजोबा. बाप परदेशी कामाला गेला त्याला तीन वर्षं झाली. पहिलं वर्षभर फोन यायचे. मग तिकडेच त्यानं दुसरं घर मांडलं. हे आम्हा मोठ्यांना माहीत होतं. भिंगरीला कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत, की अब्बाला सुट्टी मिळत नाही.

आजोबांचे डोळे त्याच सुमाराला गेले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मुलासाठी रडून रडून गेले. रडून कशाला जातात डोळे! काचबिंदू होता. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन झालं असतं. काचबिंदूनं आतली नस सुकवली, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. ह्यांनी स्वतः त्यांना हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. परत येताना आजोबा म्हणाले, "ते जाऊ दे, मला चष्मा तर करून दे. चष्मा असला म्हणजे माणसाला वाटतं, काहीतरी चाललंय." आणि माझ्या ह्या सत्यवादी नवऱ्यानं त्यांना चष्मा करून दिला. बिननंबरच्या, साध्या काचांचा. आजोबा तो रोज सकाळी पुसून डोळ्यांवर चढवतात आणि खिडकीत बसतात.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या मात्र आलं नाही. मुलगा दूर गेलेला, बापाचे डोळे गेलेले, आणि ह्या पोरीपुढे दर शुक्रवारी ती गोष्ट. तिनं सगळं जुळवलं होतं. फक्त शर्ट हवा होता. तिच्या आईनं एक दिवस रागाच्या भरात नवऱ्याचे सगळे कपडे गाठोड्यात बांधून देऊन टाकले, त्यातला एक ह्या पोरीनं शिताफीनं ओढून काढला. घरात ठेवला तर आईला सापडेल, म्हणून आणून लपवला कुठे? आमच्या पुढच्या खोलीत, चटयांच्या ढिगाखाली.

आणि मी गुरुवारी चटया झटकायला काढल्या.

मला स्वच्छतेचं वेड आहे, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. चटयांखाली पुरुषाचा शर्ट, चुरगाळलेला, कॉलर काळी कुळकुळीत, बाहीवर यंत्राच्या तेलाचा डाग. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, ह्यांनी दुकानातला कुणाचा तरी आणून कोंबलाय. भिजवला, कॉलरला ब्रश मारला, तेलाच्या डागावर साबण चोळून चोळून बोटं सोलवटून घेतली. वाळवला, कडक इस्त्री केली, घडी घालून कपाटात ठेवला. खोटं कशाला बोलू, घडी घालताना मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. गोष्ट तिसऱ्या सदऱ्यावर आली होती. युसूफ आता मोठ्या हुद्द्यावर, आणि दाराशी तेच भाऊ, धान्य मागायला आलेले. तो त्यांना ओळख देतो. भाऊ शरमेनं पाणी पाणी. "आणि युसूफ म्हणाला, आज तुमच्यावर कसलाही ठपका नाही," हे सावकाश म्हणाले. "मग म्हणाला, हा माझा सदरा घेऊन जा आणि माझ्या बापाच्या तोंडावर टाका. त्यांना दिसायला लागेल. काफिला तिकडून नुसता निघाला, अजून वाटेतच आहे, तर इकडे बाप, हजरत याकूब, म्हणतात, मला युसूफचा वास येतोय."

"वास?" भिंगरी म्हणाली.

"वास. आणि मग निरोप्या आला, त्यानं सदरा तोंडावर टाकला, आणि दिसायला लागलं."

ह्यांनी एवढं म्हणून कुराण कापडात गुंडाळलं, आणि भिंगरी चटयांच्या ढिगाकडे धावली. एक उचल, दुसरी उचल. मी दारातच होते. म्हटलं, "काय शोधतेस गं? तो शर्ट का? थांब." आणि मी मोठ्या दिमाखात कपाटातून तो पांढराशुभ्र, कडक घडीचा शर्ट आणून तिच्या हातात दिला.

तिनं आधी तो नाकाशी धरला.

मग माझ्याकडे बघितलं. मी शाळेत छड्या खाल्ल्यात, सासूची बोलणी खाल्लीयत, पण अशी नजर कधी सोसली नव्हती. शर्ट घेऊन ती तरातरा जिना उतरली. खिडकीतून आम्हाला दिसलं, ती समोरच्या खोलीत शिरली आणि तिनं तो शर्ट आजोबांच्या तोंडावर जवळजवळ फेकलाच. चष्म्यासकट. आजोबा बिचारे दचकले, पण ती काहीतरी म्हणाली असावी, कारण मग ते हलले नाहीत. डोक्यावरून शर्ट घेऊन बसून राहिले. पोरं खिडकीत गर्दी करून बघत होती, मी त्यांना हाकललं. कितीतरी वेळानं आजोबांचा आवाज आला, "बाळा, अजून ठेवू की काढू?"

ती परत आली तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. श्वास लागलेला, डोळे कोरडे.

"तुम्ही धुतलात, चाची. अब्बाचा वास गेला. म्हणून नाही झालं."

तेव्हा कुठे मला सगळं कळलं. ह्यांनाही. ह्यांनी काच धरावी तशी तिची हनुवटी दोन बोटांत धरली आणि बोलायला तोंड उघडलं. एकतीस वर्षं मी हा माणूस ओळखते. ते खरं तेच सांगणार होते. बाळा, सदऱ्यात काही नव्हतं, तो अल्लाचा हुकूम होता, त्या बापलेकांपुरता होता, आजोबांची नस सुकलीय. सगळं क्रमानं सांगणार होते. आणि मला दिसत होतं, की त्यातला एकेक शब्द ऐकून ही पोर पुढचा प्रश्न विचारणार. मग अब्बा? मग ते येणार, हे पण नाही का?

"हो," मी म्हटलं. "मी धुतला म्हणून नाही झालं. माझीच चूक."

जन्मात कधी चूक कबूल केली नव्हती मी. केली ती पहिली, आणि तीही मी न केलेली. भिंगरी वळली आणि गेली.

ती गेल्यावर हे मला म्हणाले, "अगं, तू गोष्टीत एक ओळ घातलीस. जी नव्हती ती."

"घातली!" मी उसळलेच. "आणि तुम्ही? आजोबांच्या फ्रेमीत काय घातलंत? तिथं नाही तुमचं कुराण आडवं आलं ते?"

हे उठले, आणि मी कालच झटकलेल्या चटया पुन्हा झटकायला घेऊन गेले. मला लगेच वाईट वाटलं. पण जिभेला हाड नाही माझ्या, काय करू?

पुढचे तीन शुक्रवार भिंगरी आली नाही. मी गल्लीत दिसले की ती भिंतीला चिकटून निघून जायची. तिची आई एकदा आली, कारखान्यातून थेट, डब्याची पिशवी खांद्यालाच. म्हणाली, "चाची, तो शर्ट घालून झोपते हो ती. पायापर्यंत येतो. काय सांगितलंत तिला?" मी काय सांगणार? तिच्या हातावर पाण्याचा पेला ठेवला. ती उभ्या उभ्या प्यायली आणि म्हणाली, "मीच सांगायला पाहिजे होतं, तो येणार नाही म्हणून. रोज ठरवते. रोज तोंड उघडते, आणि तिला केस विंचर म्हणते." मग ती गेली.

ह्यांनी गोष्ट पुढे नेली नाही. पोरं म्हणाली, शेवट सांगा, स्वप्न खरं होतं ते सांगा. हे म्हणाले, "भिंगरी आली की." एक दिवस मात्र धीर करून समोर गेले. मला म्हणाले, आज जे आहे ते तिला सांगून येतो, लटकवून ठेवणं बरं नाही. मी खिडकीतून बघत होते. हे आत गेले, खुर्चीवर बसले, भिंगरी समोर बसली. हे बराच वेळ वाकून काहीतरी करत होते. अर्ध्या तासानं परत आले.

"सांगितलं?"

"आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता," हे म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. पण हसू आलं नाही. मलाही कुठे जमत होतं?

चौथ्या शुक्रवारी पोरं यायच्या आधी, हे चटया पसरत होते आणि मी त्या पुन्हा सरळ करत होते, तेव्हा दारात भिंगरी. हातात तो शर्ट, घडी घातलेला. घडी वेडीवाकडी होती, तिची तिनंच घातलेली. चेहऱ्यावर राग नव्हता. गणित सुटल्यावर पोरांचे चेहरे होतात तसा चेहरा.

"चाचा, मला सापडलं," ती म्हणाली.

"काय सापडलं, बाळा?"

"मी रोज पहिल्यापासून म्हणून बघितलं. क्रमानं. वासामुळे नाही काही. वास तर आधीच आला होता, सदरा अजून वाटेत होता तेव्हाच, आणि तरी त्यांना दिसायला लागलं नव्हतं." तिनं श्वास घेतला. "त्याच्या आधी काय झालं? युसूफ भावांना म्हणाला, आज तुमच्यावर ठपका नाही. ते आधी. मग सदरा दिला. आधी माफ केलं, मग सदरा. आणि मी तर चाचीवर रागावून टाकला होता शर्ट. क्रम चुकला माझा."

हे चटईचं टोक धरून तसेच वाकलेले राहिले. इतक्या वर्षांत किती पोरं त्या चटईवर बसून गेली, पण एकालाही हे सापडलं नव्हतं. ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं नाही हाच नियम. ह्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की मी बघतच राहिले. आणि तोंडून निघून गेलं, सवयीनं, दर शुक्रवारी निघतं तसं.

"बरोबर. अगदी बरोबर आहे, बाळा."

मग काय बोलून बसलो, गोष्टीबरोबर शर्टालाही हो म्हटलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. हातातलं चटईचं टोक सुटलं.

पण ती ह्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्यासमोर येऊन ताठ उभी राहिली, शर्ट छातीशी धरून, आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "चाची, आज तुमच्यावर कसलाही ठपका नाही."

मनापासून म्हणाली हो. उगाच म्हणायचं म्हणून नाही. आणि मग, अजून काही राहिलंय का असा विचार करून, माझ्या कमरेला मिठी मारली. माझ्या हातांना साबणाचा वास येत होता, मी ते दूरच धरले. मला म्हणायचं होतं, बाळा, मी काही केलंच नव्हतं, तू मला कशाची माफी देतेस, थांब, जाऊ नकोस. पण माझ्याच खोट्या ओळीवर उभी राहून ती इथवर आली होती. ती ओळ आता कुठल्या तोंडानं काढून घेऊ? तोवर ती शर्ट घेऊन दाराबाहेर पळालीही.

"अहो," मी म्हटलं, "थांबवा ना तिला."

हे दारापर्यंत गेले. जिन्यात तिची पावलं धडधडत उतरत होती. ह्यांनी कठड्याला हात धरला, तोंड उघडलं, "भिंगरी" एवढंच म्हणाले, तेही पुटपुटल्यासारखं. ती गल्ली ओलांडून पलीकडे पोचलीसुद्धा.

आम्ही दोघं खिडकीशी येऊन उभे राहिलो. समोर आजोबा रोजच्या जागी बसले होते. ती आत आली, त्यांच्या गुडघ्याला हात लावून काहीतरी सांगायला लागली, भराभर, हातवारे करत. मधेच तिनं आमच्या खिडकीकडे बोट केलं. आजोबा मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला, काचांना बोट न लावता घडी घालून खिशात ठेवला, आणि तोंड वर करून बसले.